अज्ञात तरुणाची साक्ष

“हा तरुण कोण?” बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंधाच्या एकशेबाराव्या पानावर बोट ठेवलं. “अख्खं प्रकरण त्याच्या एका साक्षीवर उभं केलंत, आणि त्याचं नावच नाही?”

“अज्ञात आहे, सर,” विद्यार्थिनी म्हणाली. “आमच्या सरांच्या पुस्तकात तशी तळटीप आहे.”

तिच्या मार्गदर्शक सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. येशूची सुवार्ता गावोगाव सांगणाऱ्या ख्रिस्ती चळवळींच्या इतिहासात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सात पुस्तकं, दोन मानद पदव्या, पुढच्या महिन्यात निवृत्ती. तळटीप त्यांच्या पहिल्या पुस्तकातली होती. त्या पुस्तकानेच त्यांना ही खुर्ची मिळवून दिली होती.

चोवीस वर्षांचे असताना ते चर्चच्या एका लहानशा मंडळीकडे तिच्या सभांच्या जुन्या नोंदवह्या मागायला गेले होते. मंडळीतले लोक बाहेरच्या माणसाला त्या वह्यांचा वाराही लागू देत नसत. महिनाभर खेटे घातले, पण कुणी दाद देईना. शेवटी एका संध्याकाळी ते सभेत साक्ष द्यायला उभे राहिले. आपलं पाप आणि त्यातून आपण कसे सुटलो, हे चारचौघांत सांगायचं, ती साक्ष. त्यांनी अशा दोनशे साक्षी वाचून काढल्या होत्या. कुठे थांबायचं, कुठे आवाज कापरा होऊ द्यायचा, सगळं पाठ होतं. ते म्हणाले, मी पत्ते कुटत बसलो होतो, आणि माझी धाकटी बहीण तळ्यात बुडाली.

त्यांना बहीण नव्हतीच.

लोक ढसाढसा रडले. चौतीस जण पुढे येऊन गुडघ्यांवर बसले. एकाने त्या दिवशी दारू सोडली ती कायमची. पुढे पंधरा दिवस सभा संपायचं नाव घेईनात. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मंडळीच्या कार्यवाह बाईंनी स्वतःच्या हाताने वह्यांचं कपाट उघडून दिलं. काही महिन्यांनी त्या सभेची नोंद पुढ्यात आली, तेव्हा साक्ष देणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. सुटलो बुवा, असं त्यांना वाटलं. ‘एका अज्ञात तरुणाची साक्ष’ एवढं लिहून ते मोकळे झाले. लाज वाटली का? वाटली, दर आवृत्तीला वाटली. पण तळटीप काही त्यांनी बदलली नाही.

“एवढ्या सैल पुराव्यावर मी सही करणार नाही,” परीक्षक म्हणाले. “हे प्रकरण काढा आणि सहा महिन्यांनी या.”

विद्यार्थिनीने मान खाली घातली. पाच वर्षं राबली होती बिचारी. आता भांडेल, वाद घालेल, असं सरांना वाटलं. ती एक शब्द बोलली नाही. तिचं ते गप्प बसणं त्यांना बघवेना.

“तो तरुण मी,” ते म्हणाले. “साक्ष खोटी होती. पण लोक रडले ते खरं, आणि हिने लिहिलंय ते त्या लोकांबद्दल. हिचं प्रकरण बरोबर आहे. खोट माझ्या पुस्तकात आहे.”

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हे मला अहवालात लिहावं लागेल.”

“लिहा.”

प्रबंध मंजूर झाला. सर बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे राहिले. येणारेजाणारे नमस्कार करत होते आणि त्यांना मान वर करवत नव्हती. विद्यार्थिनी शेजारी येऊन उभी राहिली.

“माफ कर पोरी. पाच वर्षं तुला खोट्या तळटिपीवर नाचवलं.”

“मला माहीत होतं सर, पहिल्या वर्षीच कळलं. कार्यवाह बाई नव्वदीच्या आहेत आता, पण डोकं शाबूत आहे. त्यांनीच सांगितलं. वर म्हणाल्या, नाव लिहायचं काम तुझं नाही.”

“त्यांना कसं कळलं?” सरांनी विचारलं.

“त्याच आठवड्यात त्यांनी तुमच्या अर्जावरच्या घरच्या पत्त्यावर तुमच्या आईला पत्र टाकलं होतं. मुलगी गेली म्हणून सांत्वनाचं. तुमच्या मुलाची साक्ष त्याच्या नावानिशी वहीत नोंदवतेय, असंही त्यात लिहिलं होतं.”

आईला जाऊन अठरा वर्षं झाली होती. त्या पत्राबद्दल तिने मरेपर्यंत चकार शब्द काढला नव्हता.

“मग? काय उत्तर दिलं तिने?”

“बाईंनी जपून ठेवलंय. दोनच ओळी आहेत. ‘मला मुलगी नाही, एकच मुलगा आहे. नावाची जागा कोरी ठेवा, तो स्वतः येऊन भरेल.’”