चाळीस दिवसांची बंबफोड

कुऱ्हाड ओंडक्यात रुतली ती सुटेना. प्रभावतीबाईंनी ओंडक्यावर पाय रोवला, दांडा खालीवर करून पातं सैल केलं आणि पुन्हा घाव घातला. या वेळी बाभूळ उभी चिरली.

इकडे उत्तरेत, बनी पार्कातल्या भाड्याच्या घराचं मागचं अंगण ढलप्यांनी भरलं होतं. ओंडके लाकडाच्या टालीवरून दिवाळीतच आणले होते. आता त्यांची बंबफोड करायची होती, वीतभर लांब, बोटभर जाड. तांब्याचा बंब साताऱ्याचा. नवऱ्याच्या, वसंतरावांच्या, विमा कंपनीनं चार बदल्या केल्या, चारही वेळा तो सामानात पहिला बांधला गेला. गीझरचं पाणी अंगावरून जातं, बंबाचं अंगात मुरतं, असं प्रभावतीबाई म्हणत. आणि बाळंतिणीला तर मुरलेलंच पाणी हवं.

रुचिता, त्यांची एकुलती लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंत होऊन तिला आज तिसरा दिवस. दुपारी जावई, तन्मय, तिला दवाखान्यातून घरी आणणार होते.

वसंतराव मागच्या दारात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, स्वेटर उलटा घातलेला.

"आता एवढं कशाला करतेस?" ते म्हणाले. "गीझर आहे की."

"कशाला म्हणजे? बाळंतीण नाही का ती?"

"तसं नाही गं..."

"चाळीस दिवस म्हणजे चाळीस दिवस. पाणी, शेक, धुरी. त्यातलं एक काही चुकवायची नाही मी." त्यांनी पुढचा ओंडका ओढला. "उभे आहात तर विटा द्या इकडे."

वसंतरावांनी विटा मांडल्या. वाळवी लागू नये म्हणून जमिनीपासून वीटभर वर, आणि वारा खेळावा म्हणून भिंतीपासून चार बोटं सोडून. प्रभावतीबाई त्यावर फोडलेली लाकडं रचू लागल्या. साल वरच्या अंगाला. ओली लाकडं शेवटी, वाळलेली हाताशी. वाळलेलं लाकूड धूर कमी करतं, आणि सगळं घोडं धुरापाशीच अडलं होतं.

वरच्या मजल्यावर घरमालकीण, माथुर भाभी. त्यांच्या नवऱ्याला दमा. दिवाळीत ओंडके उतरले तेव्हाच त्यांनी गच्चीवरून सांगितलं होतं, "भाभीजी, लकड़ी नहीं जलेगी यहाँ. पहले ही बता रही हूँ." आताही त्या नाहीच म्हणाल्या तर ही सगळी रास नुसती रासच राहणार होती. उद्या सकाळी पहिलं पाणी. विचारायचं तर आजच.

विचारायला जावं लागलं नाही. घाव ऐकून माथुर भाभीच जिना उतरून आल्या.

"लकड़ी चीर रही हो कि गुस्सा निकाल रही हो?"

प्रभावतीबाईंनी कपाळाचा घाम पदरानं टिपला. "भाभीजी, चालीस दिन. सिर्फ सुबह एक घंटा. बेटी के नहाने को."

 भाभी दोघांच्या तोंडांकडे बघत राहिल्या. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एक बात बताओ. तीन दिन हो गए. न थाली बजी, न मिठाई आई. भाईसाहब सीढ़ियों पर मिलते हैं तो नज़र नहीं मिलाते. छोरी हुई है ना?"

वसंतराव आत निघून गेले.

  प्रभावतीबाई हातातल्या लाकडाची सुटलेली साल नखानं काढत म्हणाल्या, "हाँ. लड़की."

"तो?" भाभींचा आवाज चढला. "पढ़े-लिखे लोग होकर ये मातम? शरम नहीं आती? मेरी मीनू हुई तब सास ने तीन दिन चूल्हा नहीं जलाया. आज वही मीनू बैंक में मैनेजर है, बुढ़िया की दवाई उसी के पैसों से आती थी."

प्रभावतीबाई खाली मान घालून ऐकत होत्या. एकदा त्यांना वाटलं, सांगावं. पण समोर निम्मी रचलेली रास होती.

"जलाओ लकड़ी," भाभी म्हणाल्या. "एक घंटा नहीं, दो घंटे जलाओ. छोरी की जचगी है, जापा है, तो छोरे से बढ़कर करो. माथुर साहब को मैं आगे के कमरे में सुला दूँगी. और वो लड़की रोए ना, तो उसके सामने ये मुँह मत बनाना. समझीं?"

"समझी," प्रभावतीबाई म्हणाल्या. "आमच्यात, मतलब हमारे यहाँ, सवा महीना कमरे में कोई नहीं आता..."

"नहीं आऊँगी बाबा. नज़र थोड़े ही लगानी है."

भाभी जिना चढून गेल्या. प्रभावतीबाई ओंडक्यावर टेकल्या. बऱ्याच वेळानं उठल्या आणि दुपारपर्यंत राहिलेलं सगळं फोडून काढलं. तळव्यांना फोड आले, तेही फुटले.

रुचिता आली. तन्मयनं तिला धरून धरून आतल्या खोलीत नेलं. 

सकाळी सहाला प्रभावतीबाईंनी बंब पेटवला. वाळकी बाभूळ चटकन धरली. धूर वर गेला, आणि वरच्या मजल्यावरची खिडकी कुरकुर न करता बंद झाली.

न्हाणीत रुचिता पाटावर बसली. प्रभावतीबाईंनी तिच्या पाठीला कोमट तेल जिरवलं, मग तांब्या तांब्या कढत पाणी सोडलं. पाठीवर, कमरेवर, पोटावर.  वाफेत तिचे खांदे हळूहळू सैल पडले. लहानपणी पडायचे तसेच.

"सोसतंय ना गं?"

रुचितानं मान हलवली. मग तिनं दोन्ही हात छातीशी घट्ट धरले आणि आईकडे वर पाहिलं.

"आई, दूध आलं," ती म्हणाली. "तन्मय तिला पुरून आला, तेव्हा आलं नव्हतं."