कॉर्नेलियाबाईंना आलेली पत्रे

"मेला लबाड!" सुचेताबाईंनी कप बशीत आपटला. "पुढे वाच, अस्मिता."

लायडनच्या अभिलेखागारात त्यांच्या सुनेची नेमणूक झाली होती. कॉर्नेलिया नावाच्या धनाढ्य विधवेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या पत्रांची सूची तिला करावयाची होती. रोज सायंकाळी, मोबाइलवर नजर ठेवून, ती पुण्याहून आलेल्या सासूबाईंना एक पत्र मराठीत ऐकवीत असे.

"पुतण्या लिहितो, 'काकू, एवढ्या मोठ्या घरात एकट्या कशाला राहता? घर विकून टाकावे. आमच्याकडे आयते जेवण मिळेल, मुलांत मन रमेल.'"

"आयतं जेवण! स्वतःच्या घरात काय ती उपाशी होती? आणि तिला काय हवं, हे एकानेही विचारू नये?"

"एकानेही नाही, आई."

"हे डच लोकही अगदी आपल्यासारखंच बोलतात की गं!"

अस्मिता हसली आणि कप उचलून आत गेली.

सुचेताबाईंच्या यजमानांना जाऊन वर्ष लोटले होते. पुण्यातील बंगल्यासाठी बिल्डर तयार होता. शुक्रवारी द हेगच्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्रावर त्यांनी सही केली, की पुढील सर्व व्यवहार त्यांचा मुलगा संजीव पाहणार होता. त्या पैशांतून लायडनमध्ये बागेचे घर घ्यावयाचे होते. सध्याच्या लहानशा फ्लॅटमध्ये अस्मिताची फार कुचंबणा होते, असे तो आईला वारंवार सांगे.

बुधवारचे पत्र तर संतापजनक होते. "'गुलाबांचे म्हणाल, तर ते आमच्या खिडकीतही लावता येतील.'"

"मग गेली ती?"

"गेली. माळ्यावरची खोली दिली त्यांनी. भेटायला कुणी आलं, तर आधी पुतण्याला विचारावं लागे."

सुचेताबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. ते दुःखाचे नव्हते.

गुरुवारी जेवताना संजीव म्हणाला, "आई, उद्या लवकर निघायचं हं. पासपोर्ट पर्समध्ये ठेव."

"फाटकावरच्या माझ्या जाईचं काय रे?"

"अगं, जाई काय, बाल्कनीतही लावता येते."

सुचेताबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"मी सही करणार नाही. माझं परतीचं तिकीट काढ."

"आई! कोणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?"

"भरवायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? वर्षभरात एकदा तरी विचारलंस, आई, तुला काय हवंय? माझ्या घराची किंमत तेवढी बिल्डरला विचारलीस!"

संजीव लालबुंद होऊन पत्नीकडे वळला. "तू तरी सांग हिला! घर तुझ्यासाठीच घेतोय ना?"

अस्मिताने त्याच्या पानात भात वाढला. "बंगला आईंचा आहे," एवढेच ती म्हणाली.

सुचेताबाई पुण्यास परतल्या. निघताना त्यांनी सुनेला बजावले, "त्या कॉर्नेलियाची गोष्ट चार बायकांना सांग हो."

पुढील सोमवारी अभिलेखागारातील सहकारी महिला ट्रॉली ढकलीत अस्मिताच्या टेबलापाशी आली. ट्रॉलीवर करड्या रंगाची एक पेटी होती.

"घे तुझी कॉर्नेलिया. कागदांवरची बुरशी निघाली एकदाची. रुजू झाल्यापासून वाट पाहत होतीस ना?"

अस्मिताने पेटीची फीत सोडली. कॉर्नेलियाबाईंना कोण काय लिहीत असे, हे आता तिला प्रथमच कळणार होते.