एका एकराची संमती

होस्कीमामाने अर्ज हातात घेतला, घडी न उघडताच सदऱ्याच्या खिशात सारला आणि पुन्हा मेंढ्यांकडे बघू लागला. लोरिंडा उभीच राहिली. फीनिक्सच्या इस्पितळातली ड्युटी संपवून ती थेट गाडी चालवत आली होती. डोळे चुरचुरत होते.

मामा सहजी हो म्हणणार नाही, हे तिला ठाऊक होतं. नवाहो आदिवासींच्या या पठारावर घर बांधायचं तर आधी एका एकराचा परवाना काढावा लागतो, आणि ज्याची मेंढरं तिथे चरतात त्याने संमती दिल्याखेरीज अर्ज कचेरीतून पुढे सरकत नाही. इथली चराई होस्कीमामाची. आईचाच चुलतभाऊ, पण अलीकडे त्याने कुणालाच हो म्हटलं नव्हतं. लोरिंडाचा भाऊ डॅरल तर दोनदा येऊन हात हलवत परत गेला होता. म्हाताऱ्याला माणसांपेक्षा गवत प्यारं, असं तो म्हणे.

लोरिंडाला नकार परवडणारा नव्हता. आई डॅरलच्या चाकांवरच्या ट्रेलर-घरात सोफ्यावर झोपायची. नातवंडं शाळेला निघेपर्यंत तिला पाय पसरायलाही जागा नसायची. तिने तक्रार कधी केली नाही. एकदाच बोलली होती, की सकाळी स्वतःचं दार उघडावं आणि समोर सूर्य असावा, एवढं झालं तरी पुरे.

काय बोलायचं ते लोरिंडाने वाटेत जुळवून ठेवलं होतं. माझी नोकरी पक्की आहे. पुढे मी परत येईन आणि आईबरोबर इथेच राहीन, आजीच्या मातीत. तिने तोंड उघडलं तसा मामा काठी टेकवत उठला आणि चढणीला लागला. ती मागोमाग गेली.

वरून सगळा माळ दिसत होता. मामाने इथल्या रीतीप्रमाणे बोटाऐवजी ओठ पुढे काढून एकेक घर दाखवलं. हे पुतण्याचं, तो आता अल्बुकर्की शहरात असतो. ते भाचीचं. पलीकडची दोन भावाच्या नातवांची. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, अंगणात काटेरी झुडपं माजलेली. मेंढरं त्या कुंपणांना वळसा घालून चरायला जात होती. निळ्या पत्र्याच्या पाचव्या घराकडे त्याने ओठ वळवले नाहीत. ते त्याच्या मुलीचं, व्हर्नाचं होतं. पत्र्याचा एक कोपरा सुटला होता आणि वाऱ्याने खडखडत होता.

"तुला घर बांधायचंय, की राहायचंय?" मामाने विचारलं.

लोरिंडाने सांगितलं की घर आईसाठी आहे, आई राहील.

मरणाविषयी नवाहोंमध्ये कुणी उघड बोलत नाही; बोललं की ते जवळ येतं म्हणतात. म्हणून मामाही आडूनच बोलला.

"ती माझ्याच वयाची. पुढं त्या घरात चूल कोण पेटवणार?"

‘मी’ हे उत्तर जिभेवर होतं. लोरिंडाने खाली पाहिलं. इथे पाणी पिंपात भरून आणावं लागतं, थंडीभर लाकडं फोडावी लागतात. तिला आपली मुलगी आठवली. इथे आली की दुसऱ्याच दिवशी ती घरी कधी जायचं विचारायची, आणि घर म्हणजे तिला फीनिक्स म्हणायचं असायचं. लोरिंडाला कधी तिचा राग आला नव्हता. खरं तर परतीच्या वाटेवर डांबरी रस्ता लागला की तिलाही हायसं वाटायचं. हे तिने आजवर कुणापाशी कबूल केलं नव्हतं, स्वतःपाशीसुद्धा.

"मला माहीत नाही, मामा," ती म्हणाली. "मी परत येईन असं आईला सांगितलंय. पण येईन की नाही, मला खरंच माहीत नाही."

शब्द बाहेर पडले आणि तिला वाटलं, आईचं घर आपण आपल्याच तोंडाने घालवलं. संध्याकाळी त्या सोफ्यापाशी बसून आता काय सांगायचं? तिने अर्ज परत घ्यायला हात पुढे केला.

मामाने कागद खिशातून काढला, पण तिच्या हातात दिला नाही. तो दगडावर टेकला. कागद गुडघ्यावर पसरून त्याने तिच्याकडे पेन मागितलं आणि एकेक अक्षर जोर देऊन कोरावं तसं आपलं नाव लिहिलं.

लोरिंडाच्याने राहवेना.

"मामा, मी इथे राहीन असं म्हटलंच नाही."

त्याने पेन परत दिलं.

"त्या पाचही जणांनी म्हटलं होतं."