अडवलेला अभिप्राय

ही २०१९ सालची गोष्ट. गडचिरोलीच्या निवृत्त शिक्षिका गोकुळाबाई तेव्हाही ब्लॉग लिहीत. वाचकांचे अभिप्राय आधी त्यांच्याकडे येत आणि त्या पसंत करतील तेच लेखाखाली दिसत. कौतुक लगेच छापलं जाई. कोरपन्याची त्यांची थोरली जाऊ, रुखमाबाई, मोबाइलवर बोलून टाइप होणारे टोमणे पाठवी. ते न वाचताच कचऱ्यात जात.

रविवारी सकाळी नात भाग्यश्री तो कचरा साफ करत होती. एकेक टोमणा वाचून हसत होती. एकाएकी तिचं हसू थांबलं. तिनं मोठ्यानं वाचलं, "गोकुळे, बैचांदीचं लिवलं, पण नाल्याचं पाणी काऊन नाई लिवलं? कोणी तशीच खाल्ली तं मरन ना. मले छापू नको, पण एवढं लिव."

गोकुळाबाईंनी लगेच आपला लेख उघडला. बैचांदीचा कंद विषारी. चकत्या करून विष उतरेपर्यंत नाल्याच्या वाहत्या पाण्यात भिजत ठेवायच्या, मगच चुलीवर चढवायच्या. मार्कंड्याजवळच्या त्यांच्या गावात हे कोणी कोणाला सांगतच नसे. तांदूळ धुवायला का कोणी सांगतं? म्हणून लेखात चिरणं आलं, शिजवणं आलं, मधलं पाणी राहून गेलं. आणि पुण्याच्या दामिनीचा अभिप्राय त्यांनीच आनंदानं छापला होता: कंद मिळाले, रविवारी घरच्यांना तुमच्या पद्धतीनं करून घालणार.

त्यांनी दामिनीच्या अभिप्रायाखाली लिहिलं, 'खाऊ नका.' उत्तर नाही. फोन नंबर ठाऊक नाही. पुण्यात आता पानं वाढली असतील. भाग्यश्रीनं पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

दुपार कलल्यावर दामिनीचं उत्तर आलं.

"आजी, कंद मी परवाच फेकले. माझाही ब्लॉग आहे, तिथं मी कोणाला अडवत नाही. रुखमाबाई माझं नाव शोधत तिथं आल्या. त्यांनी लिहिलं, 'पोरी, तो बैचांदीचा कांदा खाऊ नको. आमची गोकुळा हुशार हाय, पण विसरभोळी. तिले कोणी काई म्हणू नका.'"

दामिनी पुढे गडचिरोलीला येऊन दोघी जावांना भेटून गेली. भाग्यश्री नागपुरात नोकरीला लागली. गोकुळाबाईंनी अभिप्राय अडवणं सोडलं आणि प्रत्येक लेखाखाली पहिला टोमणा रुखमाबाईंचा येऊ लागला. दोन वर्षांनी रुखमाबाई गेल्या. आता लेखाखाली सगळे फक्त 'छान' लिहितात, आणि ते वाचून गोकुळाबाई आपला लेख पुन्हा पहिल्यापासून वाचतात, काही राहून तर गेलं नाही ना ते शोधत.