पांढरं शेवाळ

गुरांच्या डॉक्टरांनी एम-एटी गाडी स्टँडवर लावली आणि गोठ्यात पाय न ठेवता दारातूनच सांगितलं, "तात्या, गौरीच्या दुधाची तपासणी आली पुण्याहून. तिच्या कासेत शेवाळ आहे."

श्रीपती हसला. "शेवाळ? ते आडात असतंय, हिरवंगार. दूध तर पांढरं हाय."

"हेही एके काळी हिरवंच होतं. उन्हावर आपलं अन्न आपण करायचं. मग सांडपाण्यात, शेणाच्या चिखलात आयतं खायला मिळायला लागलं. लाखो वर्षांत हिरवेपणाची गरज उरली नाही, ते गेलं. आता उन्हात ठेवलं तरी त्याला स्वतःचं पोट भरता येत नाही."

गौरीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं, भागुबाईनं, विचारलं, "पुन्यांदा हिरवं व्हत न्हाय का ते?"

"नाही मावशी. त्याला परतीची वाट नाही. आपल्याकडं त्यावर औषधही नाही. धार काढणाऱ्या हातांनी ते बाकीच्या गाईंत जातं. हिला वेगळी बांधा. आणि कुणाला विकू मात्र नका."

पुढच्या बाजारच्या दिवशी श्रीपती गिऱ्हाईक घेऊनच घरी पिंपळीला आला. सरुबाई इंदापूरकडची, नवरा गेलेली. दावणीला दोन दुभत्या गाई, त्यांवरच घर. तिनं गौरीचे दात पाहिले, कास चाचपली. श्रीपती गुण सांगत राहिला. ते ऐकून झाल्यावर ती भागुबाईकडं वळली.

"अक्का, धार तुमीच काढता न्हवं? मग तुमी सांगा. कशी हाय गाय?"

श्रीपती खाकरला. त्या खाकरण्यावर भागुबाईनं जन्मभर तोंड मिटलं होतं.

"गुणाची हाय," ती म्हणाली. "पर तुमच्या गाईंशेजारी हिला बांधू नका."

सरुबाईनं हातातलं दावं हळूच खाली सोडलं.

सरुबाई वेशीबाहेर गेली तसा श्रीपती बायकोकडं वळला. मग म्हणाला, "आता हिला इकता येत न्हाय, मारता येत न्हाय. तूच सांभाळ. कॅनॉलकडच्या पत्र्याखाली बांध, तूबी तितंच ऱ्हा. आन् ते हात माझ्या बाकीच्या गाईंना लावायचे न्हाईत."

भागुबाईची अंथरायची वाकळ पत्र्याखाली गेली. धारा सून काढू लागली. कॅनॉलच्या भरावावरनं गवत आणायचं, गौरीपुढं टाकायचं, बसायचं. गौरीचा एकेक सड आटत गेला. तिच्या हाताची सवय असलेली चंद्री गाय गोठ्यातून हंबरली की भागुबाई उठून उभी राहायची आणि पुन्हा खाली बसायची.

एका सकाळी श्रीपती बांधावर येऊन थांबला. "चंद्री पान्हा चोरतीया. सूनबाईला लाथ मारली."

भागुबाई झटक्यात उठली. "हात घासून येते."

"न्हाय. हात लावायचा न्हाय." तो खाली मातीकडं बघत म्हणाला, "नुसती समोर उभी ऱ्हा."

ती चंद्रीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. चाटायला म्हणून चंद्रीनं मान लांब केली, तशी भागुबाईनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले. सून खाली बसली. पहिली धार बादलीत वाजली.