जहाज तीन मिनिटं थांबतं

"वायर उपटून पळता येत असेल, तर त्याला लढाई कशाला म्हणायचं?" नाथाकाकांनी चहाची बशी खाली ठेवली. "कनेक्शन तुटलं तरी जहाज तीन मिनिटं जागेवर थांबलंच पाहिजे. हे पहिलं लिहून घ्या, मॅडम."

हर्षालीने लिहून घेतलं. ती काम करायची त्या खेळ बनवणाऱ्या कंपनीतल्या रवीला हा नियम पटत नव्हता. नेट गेलं म्हणून बिचाऱ्या खेळाडूने मरायचं का, असं तो म्हणायचा. नवा खेळ उभा करताना जुन्या ऑनलाइन अवकाशखेळांतून काय घ्यायचं, ते जुन्या खेळाडूंनाच विचारू, असं सांगून ती पंचवटीतल्या या गल्लीत आली होती. ते खोटं नव्हतं. सगळं खरंही नव्हतं.

काका मनमाडला रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. तीस वर्षं क्वार्टरमध्ये काढली, मागच्या खोलीत कॉम्प्युटर होता, मालगाडी गेली की त्याचा पडदा थरथरायचा, हे त्यांनी ती आल्या आल्या सांगून टाकलं होतं. निवृत्त होऊन इथे आल्याला तीन वर्षं झाली होती. बोलणं मात्र अजून गाडीच्या वेळापत्रकासारखं नेटकं.

काका खेळत त्या जुन्या खेळात एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायला चाळीस मिनिटं लागत. हल्लीचे खेळ क्षणात पोचवतात, ही त्यांची तक्रार. वाट लांब असली की माणसं बोलतात, बोलता बोलता एकमेकांची होतात. बुडालेलं जहाज परत मिळायचं नाही, म्हणून तिथे दिलेल्या शब्दाला वजन होतं. आणि रडारवर दिसायचा तो नुसता ठिपका.

"आपला की परका, ते कळायचं नाही. भीती तिथे असते, मॅडम. तोफेत नसते."

बैठकीच्या या खोलीला खिडकी नव्हती. भर दुपारी ट्यूब लावलेली. बाहेर मे महिन्याचा वारा सुटला होता आणि कुणाचा तरी पत्रा थोड्या थोड्या वेळाने आपटत होता.

"तुमचं मोठं जहाज गेलं, ती गोष्ट सांगा ना," हर्षाली म्हणाली.

त्या गोष्टीसाठीच ती आली होती. तिचा मोठा भाऊ भिकन काकांच्याच तांड्यात होता. तांडा म्हणजे तीसेक खेळाडूंची टोळी. गावोगावचे लोक, बहुतेकांनी कप्तानाचं, म्हणजे काकांचं, तोंडही पाहिलेलं नाही. चार वर्षं खपून त्यांनी एक जहाज बांधलं, त्याचं नाव ठेवलं 'गोदा'. दोन हजार नऊ साली ते एका सकाळी बुडालं, आणि भिकन फितूर ठरला. कॉलेजातले त्याचे मित्र तांड्यातलेच होते, ते बोलेनासे झाले. मग एकदा जेवताना अठरा वर्षांच्या हर्षालीनेही विचारलं होतं, "दादा, तू केलंस का?"

त्याने ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडून वापीला निघून गेला. गेली सोळा वर्षं तो फोनवर आईशी बोलतो, हर्षालीशी नाही.

त्याने केलं असेल, तर विषय मिटला. केलं नसेल, तर तिला वापीला जाऊन त्याचे पाय धरायचे होते. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या कार्डावर सासरचं आडनाव होतं.

काकांनी बशी जवळ ओढली. मग एकेक शब्द मोजून सांगू लागले. 'गोदा' इतकी मोठी, की कुठल्याच बंदरात मावायची नाही. त्यात लोडशेडिंगचे दिवस. सकाळी अकरा दहाला लाईट जायची, म्हणून त्याआधी ते तिला एका ओसाड जागी नेऊन ठेवत. लाईट गेली, कनेक्शन तुटलं की नियमाप्रमाणे तीन मिनिटं ती उघड्यावर असे, मग नाहीशी होई, कुणाच्या हाती लागत नसे.

"त्या दिवशीही अकरा दहाला लाईट गेली. मी त्या बिनखिडकीच्या मागच्या खोलीत अंधारात बसून राहिलो. नऊ जहाजं तिथे टपून होती, मॅडम. घड्याळ लावून आल्यासारखी."

"वेळ कुणाला माहीत होती?"

"वेळ आणि जागा, दोन्ही मी एकालाच सांगितली होती. भिकन म्हणून पोरगा होता. हुशार. पुढच्या आठवड्यात कप्तान निवडायचा होता, सगळ्यांचा कल त्याच्याकडेच." त्यांनी बोटाने बशीची कड पुसली. "मी कुणावर आळ घेतला नाही. वेळ कुणाला ठाऊक होती, एवढंच तांड्याला सांगितलं. लिहा, हाही धडाच आहे. घात बाहेरून होत नाही."

हर्षालीने लिहिलं. दोन गोष्टी माहीत असलेला एकच माणूस. यात तपासायला उरलं काय? म्हणजे दादानेच केलं. वापीला जायचं कारण उरलं नाही. सोळा वर्षांचं ओझं उतरायला हवं होतं. ते उतरलं नाही. तिने पेनाचं टोपण लावलं.

"तुम्ही ओळखता का त्याला?" काकांनी हळूच विचारलं. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"नाही."

"बरं. कुठे असतो ते कळलं, तर मला सांगा."

पत्रा जोरात आपटला आणि ट्यूब विझली.

खोलीत काळोख झाला. काका उठले, त्यांचा गुडघा टेबलाला लागला, बशी खाली पडून फुटली. त्यांचा हात भिंतीवरून चाचपडत फिरत राहिला, फडताळ काही सापडेना. आतून सखुबाई, त्यांची बायको, हसत हसत मेणबत्ती घेऊन आल्या.

"बसा हो, अजून काय पाडाल."

"सखू, तू आत जा." काकांचा आवाज एकदम बदलला.

"जाते की." सखुबाईंनी मेणबत्ती हर्षालीपुढे ठेवली. "ह्यांना अंधाराची सवयच नाय, बाई. क्वार्टरला रेल्वेची येगळी लाईन. सारं मनमाड लोडशेडिंगनं घामाघूम व्हायचं, पण तीस वर्षांत आमची लाईट एकदाबी गेली नाय."