डिक्कीची दुसरी चावी

"गाडी कोणाची शे?" चावीवाल्या चिंधाने विचारलं.

जतनबाईंनी तळहात पुढे केला. त्यावर पेनाने तीन आकडे लिहिले होते. समोरच्या वाचनालयाबाहेर एक मोटारसायकल उभी होती. तिच्या मागच्या चाकापाशी बसवलेल्या लोखंडी डिक्कीच्या कुलपावर हा नंबर होता.

"माझ्या मुलीची."

"मग पोरगीले धाडा. मालक समोर असल्याबिगर मी चावी बनाडत नही."

चिंधाचा हा नियम अख्ख्या धुळ्यात ठाऊक होता. त्यापायी त्याची कित्येक गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, पण गडी हटला नाही. जतनबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून फळीवर ठेवला. डबा अजून गरम होता. झाकणावर 'हिना' असं नाव कोरलेलं होतं.

"ती माझ्याशी बोलत नाही, भाऊ. मला काही काढायचं नाही, फक्त हे ठेवायचंय."

हिना वाचनालयात नोकरीला होती. चिंधा तिला रोज बघत असे. झाकणावरचं नाव वाचून त्याने एक कोरी चावी उचलली आणि कानस चालवायला घेतली.

या अबोल्याला दीड वर्ष झालं होतं. हिनाने तेजस पाटलाशी मंगळवारी कोर्टात लग्न केलं आणि हार गळ्यात असतानाच ती पाया पडायला घरी आली. तिचे वडील मदनलाल शेठ ओसरीवर खाली मान घालून बसले होते. ते काही बोलले नाहीत. दार जतनबाईंनी लावलं. शेठांच्या मनात काय आहे हे बायकोला कळतं, सांगावं लागत नाही, असं त्या स्वतःला समजावत. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला असं वाटलं तर नवल नाही. त्या दिवसापासून घरात हिनाचं नाव निघालं नाही.

नाव निघत नसलं तरी पोटातली माया कुठे जाते? दर मंगळवारी जतनबाई गट्ट्याची भाजी, फुलके आणि मुगाचा शिरा करत. जैन घरातला स्वयंपाक, कांदा-लसूण नाही. डबा पिशवीत घालून "प्रवचनाला जाते" म्हणून निघत आणि तीन वाजता डिक्की उघडत. पोरीने दुसऱ्या घरची रीत धरली असेल, पण आईचा घास तरी तिने सूर्य मावळायच्या आत खावा, ही त्यांची इच्छा.

पहिल्या खेपेनंतरच्या मंगळवारी त्यांनी डिक्की उघडली होती. आत रिकामा डबा होता, घासून लख्ख केलेला. जतनबाई तिथेच गाडीला धरून रडल्या. पोरीने खाल्लं होतं. तिने दुसरं काही कळवलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही. त्यांनी तसाच आणखी एक डबा घेतला, त्यावरही नाव घालून आणलं. भरलेला ठेवायचा, रिकामा आणायचा, असं सुरू झालं. एकदा त्यांनी मुद्दाम मीठ कमी घातलं, बघू पोरगी काही चिठ्ठी ठेवते का. चिठ्ठी नव्हती. डबा मात्र रिकामाच होता.

घरी शेठांचा हेका चालूच होता. मंगळवारी संध्याकाळी ते ताटावर बसत नसत. "भूक नाही," एवढंच म्हणत. लग्न मंगळवारी झालं, त्याचा राग हा माणूस अजून अन्नावर काढतो, हे बघून जतनबाईंचा जीव जळत असे. एकदा त्या बोलल्याच, "एवढं कठोर काळीज देवाने कुणाला देऊ नये." शेठांनी चष्मा पुसला आणि ते अंगणात जाऊन बसले.

एका मंगळवारी प्रवचन खरोखरच होतं, तेही दुपारी. म्हणून जतनबाई बारालाच निघाल्या. डिक्कीत चावी घातली, पण ती फिरेना. दोनदा, तीनदा केलं. शेवटी त्या पिशवी सावरत समोरच्या दुकानात गेल्या.

चिंधा पाचोऱ्याला बहिणीकडे गेला होता. दुकानात त्याची बायको रत्ना बसली होती. तिने चावी उजेडात धरली.

"दात घसाई गयात, अक्का. बसा, नवी बनाडी देस."

तिचा हातही कानशीवर चिंधासारखाच सराईत होता. जतनबाई बाकावर टेकल्या. सहज वर नजर गेली आणि तिथेच थांबली. कोऱ्या चाव्यांच्या फळीवर, स्वच्छ फडक्यावर, एक स्टीलचा डबा पालथा घातला होता. बाजूला त्याचं झाकण होतं. झाकणावर नाव होतं.

"हा डबा इथे कसा?"

"तो व्हय? एक शेठना शे," रत्ना मान वर न करता म्हणाली. "दर मंगळवारे येतस. दुपारले हाऊ रिकामा डबा समोरनी गाडीमा ठेवतस, चार वाजता भरेल डबा काढतस. आम्हीच चावी बनाडी दिन्ही त्यासले. आठेच बाकवर बशीसन बठ्ठं खातस, एक घास टाकत नहीत. मंग नळवर डबा घासतस."

"स्वतः खातात?" जतनबाई बाकावरून उठल्या.

"मी बी इचारं एकदाव, पोरगीना डबा तुम्ही का खातस? रडू लागनात बिचारा. म्हने, 'पहिला दिन मी पोरगीले दूरथून देखाले येयेल व्हतू. तिनी डबावरलं नाव वाचं, आनि न उघडताच गटारमा फेकी दिन्हा. मीच तो काढीसन घासा. आते घर जाईसन तिनी मायले कसं सांगू?'"